काल्पनिक पत्नीचं दुखणं

मला ती नोकरी माझ्या चेहऱ्यामुळे मिळाली.

प्रकल्पाच्या कार्यालयात हात धुवायच्या बेसिनखालचा पाइप गळत होता. मी नळदुरुस्तीची कामं करतो, म्हणून मला बोलावलं होतं. पाना हातात घेऊन फरशीवर उताणा पडलो होतो, तेव्हा एक तरुण साहेब वाकून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, काम चुकतंय की काय.

तो म्हणाला, "काका, तुमचा चेहरा फार छान आहे हो."

माझ्या बायकोनं उभ्या संसारात हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. मी पाना खाली ठेवला.

"आम्हाला असाच चेहरा हवा होता," साहेब म्हणाला. "बघितल्याबरोबर वाटावं, या माणसाच्या घरी काहीतरी वाईट झालंय."

"झालंय," मी म्हणालो.

"वा!" तो म्हणाला. मग जीभ चावून, "म्हणजे, अरेरे."

मुलगा मनानं वाईट नव्हता. बोलताना प्रत्येक वाक्यात एक टक्केवारी टाकायचा, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव टक्केसाहेब ठेवलं.

त्यांचा कार्यक्रम असा होता. बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेनं आमच्या भागातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांना ईसीजीची मशीनं दिली होती. बायकांना हृदयाचा झटका येतो तो बऱ्याचदा छातीवर हात दाबून येत नाही. जबडा दुखतो, दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, आणि डॉक्टर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतात. हे थांबावं म्हणून मशीनं येण्याआधीच सगळ्या डॉक्टरांना एका चांगल्या हॉटेलात नेऊन शिकवलं. शिकवण्याला उपस्थिती बरी होती, जेवणाला त्याहून बरी. आता पैसे देणाऱ्यांना जाणून घ्यायचं होतं की शिकवलेलं डॉक्टर वापरतात का. आधी डॉक्टरांनाच विचारलं. सगळे म्हणाले, वापरतो. उत्तर शंभर टक्के आलं. ते पैसे देणाऱ्यांनासुद्धा जरा जास्त वाटलं.

म्हणून गुप्त रुग्ण. धडधाकट माणसं निवडायची, त्यांना दुखणं पाठ करायला लावायचं आणि केंद्रात पाठवायचं. डॉक्टर काय विचारतो, काय देतो, ते त्यांनी बाहेर येऊन प्रकल्पाला सांगायचं. खऱ्या आजारी माणसांना विचारून चालत नाही, कारण त्यांचं लक्ष दुखण्याकडे असतं.

"तुमची भूमिका नवऱ्याची," टक्केसाहेब म्हणाला. "पत्नी घरी आहे. तिला चालवत नाही, म्हणून तुम्ही तिचं दुखणं सांगायला आलात. डॉक्टरनं चार प्रश्न विचारले पाहिजेत. जबडा दुखतो का, घाम येतो का, जिना चढताना दम लागतो का, घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास आहे का. आणि शेवटी म्हटलं पाहिजे, ताबडतोब घेऊन या. काकू आहेत ना घरी? म्हणजे तुम्हाला सोपं जाईल."

"होती. गेल्या वर्षी वारली."

"कशानं?"

"जबडा दुखत होता. जिना चढताना दम लागायचा."

टक्केसाहेबानं हातातला कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला. शेवटी म्हणाला, "म्हणजे पाठांतराची गरज नाही."

आमच्या गल्लीच्या टोकालाच आरोग्य केंद्र आहे. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, रात्री काय जेवलात. एवढा एकच प्रश्न. मग पित्ताच्या गुलाबी गोळ्या दिल्या. घरी येऊन ती म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणाले, रात्री कमी जेवा. म्हणजे आता तुमची चैन, माझ्या वाटचे दोन घास तुम्हाला." आणि म्हणाली, "तिथं एक नवं मशीन आलंय. त्यावर कापड घालून प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवलीय. फुलांवर ही एवढी धूळ. कुणी धुवत कसं नाही?" दोन दिवसांनी सकाळी दोरीवर कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली, ती उठलीच नाही. अर्धे कपडे दोरीवर, अर्धे बादलीत.

आमच्या केंद्राच्या नावावर त्या वर्षी हृदयविकाराचा एकही मृत्यू नाही. घरी मेलेलं माणूस केंद्राच्या आकड्यात धरत नाहीत, आणि ती अगदी व्यवस्थित घरी येऊन मेली होती.

तेव्हा ही नोकरी मला कशाला हवी होती, ते सरळच सांगतो. मला त्या डॉक्टरसमोर बसायचं होतं. त्याला ते चार प्रश्न येतात का, ते बघायचं होतं. येत नसतील तर एक गोष्ट. येत असतील आणि तिला विचारले नसतील, तर दुसरी. दुसरी असेल तर मी काय करणार होतो, ते मला माहीत नव्हतं. पण झोप लागत नव्हती.

आमचं प्रशिक्षण एका सभागृहात झालं. माझ्याबरोबर एक म्हातारा नट होता. रंगभूमीवर त्याला कधी मोठं काम मिळालं नव्हतं, ती कसर त्यानं इथं भरून काढली. छाती धरून जो काय कोसळला, की शिकवणाऱ्या बाई खुर्चीवरून उठून धावल्या.

"पडायचं नाही," बाईंनी त्याला बजावलं. "तुम्ही पडलात तर डॉक्टर घाबरून खरंच तपासतील. मग मूल्यमापन कसं होणार?"

प्रत्येकाला एक मनगटी घड्याळ मिळालं. डॉक्टर किती वेळ देतो ते मोजायचं होतं, आणि मोबाइल न्यायला बंदी होती, कारण डॉक्टरांना वाटेल कुणी चित्रीकरण करतंय. म्हणून स्टुलावर बसण्याआधी घड्याळ बघायचं आणि उठल्यावर पुन्हा बघायचं. घड्याळं घाऊक घेतली होती. सगळ्यांचे पट्टे आकाशी निळे. गुप्तता फार महत्त्वाची, हे बाईंनी इतक्या वेळा सांगितलं की चहावाल्यालाही पाठ झालं. घरच्यांनासुद्धा सांगायचं नाही.

माझ्या घरचं म्हणून आता एकच माणूस उरलंय. बायकोची बहीण, धाकटी. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. नवऱ्याला तिनं फार पूर्वी सोडलं. कारण विचारलं तर म्हणते, माप चुकलं होतं. ताई गेल्यापासून संध्याकाळी मला जेवणाचा डबा आणून देते आणि डब्याबरोबर चार शब्द सुनावते. त्या दिवशी डबा घेऊन आली ती दारातच थांबली, चौकटीला धरून दोन श्वास घेतले आणि मग तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

"भावोजी, हे काय? शाळेत नाव घातलं तुमचं?"

"मिळालंय."

"कुणाकडून?"

"सांगायला बंदी आहे."

"बंदी!" तिनं डबा आपटला. "ताईला जाऊन वर्ष झालं नाही धड, आणि निळे पट्टे! बाई कोण आहे ती?"

प्रकरण भलतीकडे जायला लागलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. गुप्तता एक रात्रसुद्धा टिकली नाही. ती ऐकून घेत जिन्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे तुम्ही गावोगाव जाऊन सांगणार, ताई आजारी आहे?"

"ताई नाही. काल्पनिक पत्नी."

"दिसायला कशी आहे?"

"कागदावर लिहिलेलं नाही."

"भांडते?"

"तेही नाही."

"मग ताई नाहीच ती," धाकटी म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडते आहे, पण ती घाम पुसत होती. "तुमचा जिना फार उंच झालाय हल्ली," एवढं म्हणून खाली गेली. जिना होता तेवढाच होता. ते माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मी तेव्हा नव्या नोकरीतला माणूस होतो, आणि माझी नेमणूक खोट्या दुखण्यावर झाली होती.

पहिल्या फेरीत काल्पनिक पत्नीला जवळजवळ सगळीकडे पित्त झालं. एका केंद्रात वाताचं निदान झालं. एका डॉक्टरनं विचारलं, सुनेशी खटके उडतात का. मी म्हटलं, सून नाही. तो म्हणाला, मग एकटेपणा असेल. गुलाबी गोळ्यांचा ढीग मी प्रकल्पाच्या टेबलावर आणून ओतला. टक्केसाहेबाचा चेहरा पडला, पण शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. त्यांच्या मते सुरुवात खराब असलेली चांगली. पुढं सुधारणा दाखवायला जागा राहते.

आणि सुधारणा झाली की हो! दुसऱ्या फेरीत मी दारात दिसलो की डॉक्टर खुर्चीतून उठायला लागले. एकानं स्वतः स्टूल पुसलं. एकानं मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "काकूंचा जबडा कसा आहे?" बाहेर खरे रुग्ण ताटकळत बसलेले, आणि आत घरी नसलेल्या बाईच्या घामाची इतकी विचारपूस, की मला संकोच वाटायला लागला.

मी टक्केसाहेबाला म्हटलं, "साहेब, ते आम्हाला ओळखतात."

"शक्य नाही, काका. ओळखणार नाहीत, असं पद्धतीतच गृहीत धरलंय."

"अहो, मी बसायच्या आधीच त्यानं जबड्याचं विचारलं."

"बघा!" त्यानं आलेखाकडे बोट दाखवलं. रेघ छताकडे निघाली होती. "म्हणजे प्रतिसादाचा वेळसुद्धा कमी झालाय. हा मुद्दा चांगला आहे, अहवालात घेतो. सत्तर टक्के सुधारणा आहे, काका. तुम्हाला आनंद होत नाही?"

"होतो," मी म्हणालो. "तिची तब्येत आता बरीच चांगली आहे."

त्यानंतर माझ्या वाट्याला आमच्या गल्लीतलं केंद्र आलं. खरं तर आपल्या भागात जायचं नाही असा नियम होता. पण आमची गल्ली नकाशात दोन विभागांच्या सीमेवर येते. केंद्र गटाराच्या अलीकडे, माझं घर पलीकडे. कागदोपत्री मी परका माणूस होतो. ओळखेल का म्हणून मला काळजी नव्हती. ज्या डॉक्टरनं माझ्या बायकोकडेही मान वर करून बघितलं नव्हतं, तो मला कुठून ओळखणार?

आत गेलो. कोपऱ्यात मशीन होतं, त्यावर कापड, कापडावर फुलदाणी. फुलं अजून धुतलेली नव्हती. मी घड्याळ बघितलं आणि बसलो.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढं ओढली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. चांगला, थकलेला माणूस वाटला. मी त्याच्याकडून काहीतरी वेगळं धरून चाललो होतो.

"सांगा काका. कोण आजारी आहे?"

"बायको. तिला बरं वाटत नाही."

"जबडा दुखतो का त्यांचा?"

"हो."

"घाम येतो?"

"येतो."

"जिना चढताना दम लागतो?"

"मध्ये थांबावं लागायचं."

"घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास?"

"तिची आई अशीच गेली."

चारही प्रश्न. एकसुद्धा गाळला नाही. घाई नाही, कपाळाला आठी नाही. इतक्या आपुलकीनं विचारत होता की मी बाहीनं डोळे पुसले. तो पुढं म्हणाला, "एक क्षण घालवू नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना. मी मशीन तयार ठेवतो. हवं तर आमची गाडी पाठवू?"

"ती येऊ शकणार नाही," मी म्हणालो.

"हो हो," डॉक्टर हसला आणि त्यानं एक डोळा बारीक केला. "ते माहीत आहे मला."

मी तिथंच बसून राहिलो. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "फार छान करता काका तुम्ही. डोळ्यांत पाणी! मागं एक आले होते, ते नुसते जमिनीवर पडत होते."

बाहेर आलो तर कंपाउंडर औषधाच्या खिडकीतून दात काढत होता. "काका, घड्याळ बघायला विसरलात. उठल्यावर बघायचं असतं ना?" मग माझी दया येऊन त्यानं समजावून सांगितलं, "पहिल्या फेरीतच कळलं होतं. निळा पट्टा, आणि बसायच्या आधी घड्याळ. खरा आजारी माणूस इथं येऊन वेळ बघेल कशाला? त्याला माहीत असतं, दिवस गेला."

तर मला उत्तर मिळालं. दुसरी गोष्ट. प्रश्न त्याला येत होते. हॉटेलातलं जेवण वाया गेलं नव्हतं.

घरी आलो. डोकं भणभणत होतं. धाकटीच्या दाराशी थांबलो, तर शिलाई मशीन बंद. ती भिंतीला टेकून बसली होती, एक हात गालाला लावून.

"दाढ दुखते?" मी विचारलं.

"दाढ नाही, हे सगळंच दुखतं." तिनं जबड्यावरून हात फिरवला. कपाळ ओलं होतं. "कपड्यांचं गाठोडं उचललं आणि एकदम... जाऊ दे. सकाळी जाऊन आले मी टोकाच्या डॉक्टरकडे. काही नाही, पित्त आहे. रात्री कमी जेवा म्हणाला." तिनं उशीजवळची पुडी मला दाखवली.

गुलाबी गोळ्या.

मोठं हृदयाचं रुग्णालय शहरात, बसनं गेलं तर पोचायला दुपार उलटून जाते, आणि केंद्राच्या चिठ्ठीशिवाय तिथं दारात उभं करत नाहीत. केंद्राकडे चिठ्ठी होती, गाडी होती, मशीन होतं, डॉक्टर होता, त्या डॉक्टरच्या डोक्यात चारही प्रश्न होते. सगळं होतं. ते बाहेर काढायचं कसं, तेवढं आता मला माहीत होतं.

मी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्या हातावर बांधलं.

"हे काय करताय?"

"उठ. पुन्हा जायचंय. आणि आता तू माझ्यासारखी जायचीस. आत गेल्यावर आधी घड्याळ बघ. मग बस. स्वतःहून काही सांगू नकोस, फक्त बरं वाटत नाही म्हण. तो विचारील त्याला हो म्हण."

"भावोजी, मी खरंच आजारी आहे. नाटक कशाला?"

"खऱ्या आजाऱ्याला काय मिळतं ते तुझ्या उशीपाशी आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. एरवी मी हात पुढं केला असता तर तिनं झटकला असता. त्या दिवशी धरला. गल्ली संपता संपेना. वाटेत दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा ती म्हणाली, "निळा रंग माझ्या साडीवर जात नाही," आणि मला जरा धीर आला.

डॉक्टरच्या दारापाशी मी तिचा हात सोडला आणि बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. तिनं मनगट वर केलं, घड्याळ बघितलं. तेवढं पुरे झालं. डॉक्टरची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"या, या बाई. बसा. काय होतंय?"

सकाळीच त्यानं हिला गोळ्या दिल्या होत्या. आवाजात ओळखीचा मागमूस नव्हता. तेव्हा मान वर केली असती तर ओळखलं असतं.

"बरं वाटत नाही."

"जबडा दुखतो का?"

"हो."

घाम. दम. घराणं. "माझी आई अशीच गेली," धाकटी म्हणाली, "आणि माझी बहीण."

"वा," डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला, "यांना बहीणसुद्धा दिलीय या वेळी. चल, मशीन काढ. पूर्ण करून दाखवू, पैकीच्या पैकी."

फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. कापड काढलं. धाकटीला झोपवून तारा लावल्या. कंपाउंडर काहीतरी विनोद करत होता. मशीन कुरकुरलं आणि कागदाची पट्टी बाहेर यायला लागली. मग एकदम खोलीतलं हसणं थांबलं.

"पुन्हा काढ," डॉक्टर म्हणाला.

पुन्हा पट्टी आली. मग डॉक्टरचा आवाज आला, अगदी हलका. "बाई, तुम्ही खऱ्या आहात?"

"नाही," धाकटी म्हणाली. तिला बोलायलाही दम लागत होता. "मी काल्पनिक आहे. पण काय करायचं ते लवकर करा."

खोटं कशाला बोलू, त्या डॉक्टरनं मग काही बाकी ठेवलं नाही. गोळी चावायला दिली, प्राणवायू लावला, स्वतः आमच्याबरोबर गाडीत बसून शहरापर्यंत आला. ड्रायव्हरवर असा ओरडत होता की लोक रस्ता सोडून बाजूला होत होते. रुग्णालयाच्या दारात उतरल्यावर तो माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "काका, मग तुमची पत्नी..."

"ती मागच्या वर्षी आली होती तुमच्याकडे," मी म्हणालो. "तिच्याकडे घड्याळ नव्हतं."

आत धाकटीला नेत होते.

तिच्या हृदयाची एक नळी तुंबली होती. तिथल्या डॉक्टरांनी ती उघडून आत बारीक जाळी बसवली. मला चित्र काढून समजावायला लागले, तर मी म्हटलं, राहू द्या, हे काम मी रोज करतो. धाकटी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली, तर, "घड्याळ कुठाय? नेलं की काय कुणी?"

टक्केसाहेबानं मला कार्यालयात बोलावलं. तो रागावला होता, आणि त्याला रागावता येत नव्हतं.

"काका, तुम्ही प्रकल्पाचं घड्याळ बाहेरच्या व्यक्तीला दिलंत. नमुन्यात खरा रुग्ण शिरला!"

"वाचली ती."

"मला आनंदच आहे हो. पण ही भेट आता आकड्यांतून वगळावी लागणार. खरे रुग्ण चालत नाहीत त्यात."

"वगळा."

म्हणजे बघा. माझी बायको आकड्यात आली नाही, कारण ती घरी मेली. धाकटी आकड्यात येणार नाही, कारण ती खरी होती. त्या भागात जी एकच बाई सगळ्या फेऱ्यांमध्ये धरली गेली आणि जिच्यावर उत्तम उपचार झाले, ती जन्मालाच आली नव्हती. तिची प्रगती नव्वद टक्क्यांवर गेली आहे असं ऐकतो.

माझी भूमिका त्या नटाला दिली. जाताना टक्केसाहेब म्हणाला, "काका, तुम्ही काकूंची वर्णनं फार जिवंत सांगायचात. यांना जरा सांगून जा ना, त्या कशा बोलतात, काय करतात. म्हणजे सातत्य राहील."

नट वही उघडून बसला. मी त्याला सांगितलं, ती चहा गरमागरम पिते, कमी बोलते, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही आणि घरातल्या धुळीकडे तिचं लक्ष नसतं. त्यानं सगळं उतरवून घेतलं. गावोगाव फिरू दे त्या बाईला घेऊन. मी तिला ओळखत नाही.

धाकटी घरी आली आणि तिनं सगळ्या गल्लीला ही हकिकत सांगितली. कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मापाबरोबर हे ऐकावं लागायचं. महिनाभरात कोपऱ्यावरच्या दुकानात निळ्या पट्ट्यांची घड्याळं टांगलेली दिसायला लागली. काहींनी घरातली बंद पडलेली काढली आणि पट्टा तेवढा नवा घातला. वेळ कुणाला बघायची होती?

आता केंद्रात जाऊन बघा. बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात घड्याळ. आत गेलं की मनगट वर करायचं आणि मग बसायचं, हे म्हाताऱ्यांनासुद्धा येतं. कोण प्रकल्पाचा आणि कोण खरा, हे डॉक्टरला कळायला काही मार्गच उरला नाही. शिवाय त्या दिवसानंतर त्याला ते कळून घ्यायची हिंमतही राहिली नसावी. त्यामुळे बिचारा सगळ्यांनाच विचारतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या बाईलाही विचारतो. मशीनवरची फुलदाणी खिडकीतच राहिली, मशीन झाकायला वेळच मिळत नाही.

मी सकाळी काम नसलं की तिथल्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. परवा कंपाउंडरनं खिडकीतून हटकलं, "काका, रोज येता. तुमचं काय दुखतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसलोय."

दार अर्धं उघडं होतं. आत कुणीतरी बाई होती, तिचं मला काही दिसत नव्हतं. खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला, आणि डॉक्टर म्हणाला, "बसा बाई. जबडा दुखतो का तुमचा?"

मी उत्तर ऐकेपर्यंत थांबलो. मग आत जाऊन खिडकीतली फुलदाणी उचलली, नळाखाली धरली आणि फुलं धुतली.